पाच खणांचे इंग्रजी खळे: कॉगेशलजवळच्या एका धान्यकोठारातील तीन रात्री

ऑक्टोबरमधील शाळेच्या सुट्टीत आम्ही आठ जण, त्यांत दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई, एसेक्स परगण्यातील कॉगेशल गावाजवळच्या एका जुन्या धान्यकोठारात तीन रात्री राहून आलो. या कोठाराचे आता चार शयनगृहांचे घर झाले आहे. मालकांचे कुटुंब वर्षातील बराच काळ तेथे स्वतः राहते आणि उरलेल्या काळात ते घर भाड्याने देते. मालक खाजगी व्यक्ती असल्याने घराचे नाव येथे देत नाही. परंतु अशी घरे इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी भाड्याने मिळतात आणि ती निवडताना काय पाहावे, हे या एका घराच्या निमित्ताने सविस्तर लिहिता येईल.

प्रथम मूळ इमारतीविषयी लिहिले पाहिजे, कारण ती समजल्याशिवाय घराचे गुणदोष कळत नाहीत. आपल्याकडे मळणी उघड्या आभाळाखाली होत असे: शेणाने सारवलेले खळे, मध्ये तिवडा, त्याभोवती फिरणारे बैल आणि वारा सुटला की तिवईवर उभे राहून केलेली उफणणी. कापणीनंतर आठवडाभर कोरडे आभाळ लाभेल याची जेथे खात्री नाही, तेथे मात्र खळ्यालाच छप्पर घालावे लागले. इंग्रजी शेतावरील मळणीचे कोठार म्हणजे नेमके हेच होय. लांब बाजूंच्या मधोमध समोरासमोर दोन उंच दरवाजे असतात; एकातून पेंढ्यांनी भरलेली गाडी आत येई, दोन्ही बाजूंच्या खणांत पेंढ्यांची थप्पी लागे आणि मधल्या जमिनीवर हिवाळाभर गडी दांडक्यांनी कणसे झोडपत असत. उफणणीच्या वेळी दोन्ही दरवाजे उघडले की आरपार वाहणारा वारा भुसा उडवून नेत असे. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने १७८६ च्या सुमारास मळणीयंत्र बनवले, पुढे शेतातच कापणी आणि मळणी एकदम उरकणारी यंत्रे आली आणि या प्रचंड खोल्यांचे प्रयोजन संपले.

आम्ही राहिलो ते कोठार अठराव्या शतकातील, पाच खणांचे आणि दोन्ही अंगांना पडव्या असलेले आहे. खण आणि पडवी हे शब्द मी मराठी वाचकांच्या सोयीसाठी वापरतो आहे असे नव्हे. या बांधणीचे वर्णन करायला त्यांच्याइतके नेमके शब्द दुसरे नाहीत. खांबांच्या दोन ओळींमुळे मधली उंच जागा आणि कडेच्या बुटक्या पडव्या वेगळ्या होतात, तर खांबांच्या दोन जोड्यांमधले अंतर म्हणजे एक खण. जुन्या कोकणी घराचा सांगाडा ज्याने पाहिला आहे, त्याला येथे पाच मिनिटांत सारे ओळखीचे वाटू लागते. ओकचे लाकूड ओले असतानाच घडवीत आणि खाच आणि तिच्यात बसणारे कुसू यांचे सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के करीत. पुढे लाकूड वाळताना आकसे, पिळवटे, आणि त्याबरोबर सांधेही आवळले जात. सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहत आणि कोणता तुकडा कोठे बसतो हे कळावे म्हणून त्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरत. आमच्या मुलांनी पहिल्याच संध्याकाळी अशा अकरा खुणा शोधून काढल्या आणि त्या मोजण्यात दोघांचे भांडणही झाले.

या घराची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की मधला खण, म्हणजे प्रत्यक्ष खळे, जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा ठेवला आहे. शयनगृहे दोन टोकांच्या खणांत दोन मजल्यांवर बसवली आहेत आणि स्वयंपाकघर एका पडवीच्या कडेने आत सरकवले आहे. गाडीच्या दोन्ही दरवाजांच्या जागी पूर्ण उंचीची काच बसवली असून जुनी लाकडी दारे बाहेरच्या बाजूला तशीच बिजागरीवर आहेत. रात्री ती ओढून घेतली की घर बंद होते. सकाळी पूर्वेकडील काचेतून आलेले ऊन जमिनीवरून सरकत समोरच्या दारापर्यंत जाते, आणि पूर्वी वारा ज्या वाटेने जात असे त्याच वाटेने आता प्रकाश जातो, हे चहा घेता घेता लक्षात येते. सासूबाईंनी आत पाऊल टाकताच वर पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, एवढं मोठं खळं, आणि त्यात एकच सोफा?" मला ती या घराची उत्तम प्रशंसा वाटली. याच जागेत मधला मजला घालून आणखी दोन खोल्या भाड्याने देण्याचा मोह मालकांनी आवरला आहे.

लाकूडकामाविषयी मात्र माझे मत दुभंगलेले आहे. मधल्या खणात जुन्या तुळयांना हात लावलेला नाही. त्यांवर तासणीचे घाव दिसतात, धूर आणि धुळीने आलेला करडा रंग टिकला आहे आणि जेथे पायाची तुळई कुजली होती तेथे नव्या ओकचा तुकडा उघडपणे, रंग न चढवता, जोडला आहे. टोकांच्या खणांत याउलट सगळे लाकूड वाळूच्या माऱ्याने घासून मधाच्या रंगाचे केले आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस अनेक कोठारांवर हा प्रयोग झाला. त्याने लाकूड स्वच्छ दिसते, पण वरचा थर जातो आणि त्याबरोबर हत्यारांच्या व सुतारांच्या खुणाही जातात. मुलांना त्या बाजूला एकही अंक सापडला नाही, त्याचे कारण हेच.

दुसरा प्रश्न खिडक्यांचा. धान्याच्या कोठाराला खिडक्या नसतात आणि माणसाला त्या लागतात. या रूपांतरातला मूळ पेच हाच आहे. रस्त्याकडून पाहिले तर हे घर आजही डांबरी काळ्या फळ्यांचे आणि लाल मातीच्या कौलांचे अखंड कोठार दिसते. अंगणाच्या बाजूला मात्र छपरात सहा सारख्या खिडक्या ओळीने बसवल्या आहेत आणि तेवढ्यापुरते त्याचे एखाद्या नव्या वसाहतीतले घर झाले आहे. इतके करूनही खालच्या दोन खोल्यांत दुपारी तीनला दिवा लावावा लागतो. येथून काही मैलांवर फीअरिंग येथे हडसन आर्किटेक्ट्स यांनी एका सोळाव्या शतकातील कोठाराचे कलावंत कुटुंबासाठी घर केले. तेथे छपरातून प्रकाश घेणारे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे मोठे पत्रे पोलादी जाळीखाली झाकले आहेत, त्यामुळे बाहेरून छप्पर सलग दिसते आणि आत उजेड भरपूर येतो. ते खाजगी घर असल्याने आत जाता येत नाही, परंतु त्याची छायाचित्रे पाहिल्यावर आमच्या घरातल्या सहा खिडक्या अधिकच आळशी वाटतात. २०१४ पासून इंग्लंडमध्ये शेतातील इमारतीचे घर करण्याची परवानगी काही अटींवर सोपी झाली असली, तरी वारसा यादीतील इमारतींना ती सवलत नाही. त्यांचे स्वरूप बदलणाऱ्या प्रत्येक कामाला स्वतंत्र संमती लागते. वटवाघळांचा आसरा असेल तर त्यासाठीचा परवाना वेगळाच. आमच्या यजमानांनी एका पडवीच्या माथ्यावर वटवाघळांसाठी बंद पोकळी ठेवली आहे, आणि संध्याकाळी अंगणात उभे राहिले की ती बाहेर पडताना दिसतात.

आता प्रत्यक्ष राहण्याविषयी. जमिनीखालून गरम पाणी फिरवणारी व्यवस्था उत्तम असली तरी ती अत्यंत मंद आहे, आणि एवढ्या उंच खोलीत ऊब आढ्याकडे निघून जाते. यजमानांनी तापमान बदलू नये अशी सूचना लिहून ठेवली आहे. ती पाळल्यामुळे पहिल्या रात्री सासूबाई शाल, स्वेटर आणि दोन दुलया घेऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी केल्यावर तापमान वाढवून मिळाले, पण त्याचा परिणाम जाणवायला संध्याकाळ उजाडली. खोलीत ऊब देणाऱ्या शेगडीसाठी लाकडाची एकच टोपली मिळते आणि पुढच्या प्रत्येक टोपलीचे पैसे पडतात, हे आरक्षणाच्या वेळी सांगायला हवे होते. वरच्या एका शयनगृहातून तुळई छातीच्या उंचीवर आडवी जाते; दिवसा ती देखणी दिसते आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना तिचा खरा परिचय होतो. मोकळ्या मधल्या खणाचा तोटा असा की खाली कुजबुजले तरी वर ऐकू येते, त्यामुळे मुले झोपल्यानंतर पत्त्यांचा डाव आम्ही जवळजवळ मुकाट्याने खेळलो.

स्वयंपाकघर दिसायला सुरेख आहे, पण ते आमच्यासारख्यांचा विचार करून बांधलेले नाही. शेगडीवरील पंखा हवा बाहेर न टाकता गाळून पुन्हा आतच सोडतो. मोहरी-हिंगाची फोडणी सरळ आढ्याला जाऊन बसली आणि निघेपर्यंत आमच्यासोबत राहिली. भाकरी भाजताना धुराची घंटा दोनदा वाजली. शेवटी आम्ही गाडीचे दोन्ही दरवाजे समोरासमोर उघडले आणि तीन मिनिटांत घर स्वच्छ झाले. कोठार बांधणाऱ्यांनी केलेली योजना अडीचशे वर्षांनंतरही नव्या पंख्यापेक्षा चांगली चालते.

या मुक्कामाला जोडून दोन ठिकाणे अवश्य पाहावीत. कॉगेशल येथील ग्रेंज कोठार सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंच्या मठासाठी तेराव्या शतकात बांधले गेले. ते कोसळण्याच्या बेतात असताना गावकऱ्यांनी त्यासाठी झगडा दिला, १९८० च्या दशकात त्याची डागडुजी झाली आणि आता ते वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. क्रेसिंग टेंपल येथे नाइट्स टेंप्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाची, तेराव्या शतकातीलच, जवाची आणि गव्हाची अशी दोन कोठारे शेजारीशेजारी उभी आहेत. ती मोकळी असल्यामुळे, आपण ज्या घरात सोफ्यावर बसलो होतो ते मुळात किती रिते असेल, हे तेथे उभे राहिल्यावर कळते. गव्हाच्या कोठारात शिरताना मुले आपसूक हळू आवाजात बोलू लागली.

गाडी नसेल तर या घराच्या वाटेला जाऊ नये. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून केल्व्हडनपर्यंत आगगाडी मिळते, पण पुढे टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते. माणशी रात्रीला सुमारे पंचेचाळीस पौंड पडले. मोठ्या कुटुंबासाठी तो दर मला रास्त वाटतो, मात्र चारच जण असाल तर एवढी जागा परवडणार नाही. वृद्ध सोबत असतील तर तळमजल्यावरील पूर्वेकडची खोली मागून घ्यावी, आणि तापमान आदल्या दिवशीच वाढवून ठेवायला सांगावे. आम्ही पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीची तारीख विचारली आहे. दोन्ही दरवाजे दिवसभर उघडे ठेवता येतील असा तो काळ आहे.