आपण सांगितलेल्या किमतीला मिळणारा फ्लॅट

2020 च्या सप्टेंबरात पुण्यात जुन्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले होते. टाळेबंदीत अनेकांच्या पगाराला कात्री लागली होती, भाडेकरू गावी परतल्याने कितीतरी घरे रिकामी पडली होती, आणि एरवी घर दाखवायलाही आढेवेढे घेणारे मालक स्वतः फोन करून "तुमचा आकडा तर सांगा" असे म्हणत होते. त्या काळात आम्ही पती-पत्नी सिंहगड रस्त्याच्या परिसरात टू बीएचके घर शोधत होतो. पुढे जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण बाजार मंदावला की फसवणुकीची हीच रीत पुन्हा वापरली जाते, आणि तिच्यात सापडणारी माणसे निष्काळजीच असतात असे नाही.

आम्हाला पसंत पडलेल्या फ्लॅटची मालकाने सांगितलेली किंमत 78 लाख होती. आम्ही 66 लाख देऊ केले आणि दोन दिवसांत 68 लाखांवर होकार आला. तेजीच्या काळात कोणी दहा लाख सोडायला तयार झाला, तर आपण आधी त्याचे कारण विचारतो. मंदीत ते विचारावेसे वाटत नाही, कारण कारण समोरच असते: बाजार पडलेला आहे, मालकाला पैशांची निकड आहे आणि आपण घासाघीस चांगली केली आहे. विक्रेत्याला काही खोटे सांगावेच लागत नाही. ही सवलत त्याच्या खिशातूनही जाणार नव्हती, कारण फ्लॅट विकण्याचा त्याचा विचारच नव्हता. त्याला हवा होता तो फक्त विसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी आधी दिली जाणारी रक्कम.

त्यात मुद्रांक शुल्काची मुदत आली. राज्य सरकारने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळासाठी शुल्कात घराच्या किमतीच्या 3 टक्के सूट दिली होती. एजंट रोज सांगत होता, "साहेब, डिसेंबर गेला की दोन लाख गेले." हे अर्धसत्य होते. जानेवारी ते मार्च 2021 या तीन महिन्यांसाठी 2 टक्क्यांची सूट त्याच निर्णयात होती, म्हणजे 68 लाखांच्या व्यवहारात उशिराची किंमत फार तर 68 हजार रुपये होती. शिवाय दस्तावर सह्या करून शुल्क भरले, की नोंदणीला कायद्याने चार महिने मिळतात. मुदतीचा धाक घालणाऱ्या माणसाने यातले काहीही सांगितले नाही.

विसार दिल्याशिवाय मूळ करारनाम्याची झेरॉक्स मिळणार नाही, असा मालकाचा आग्रह होता. पुण्यात असा आग्रह अनेक सरळमार्गी मालकही धरतात, त्यामुळे तो वावगा वाटत नाही. गृहकर्जाबद्दल त्याने स्वतःहून सांगितले आणि बँकेच्या शाखेचे पत्र दाखवले: शिल्लक 19 लाख. ते पत्र खरे होते. आम्ही 7 लाख रुपये दोन हप्त्यांत आरटीजीएसने दिले, 500 रुपयांच्या मुद्रांकावर विसारपावती झाली आणि ती नोटरी करून घेतली गेली. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, महिन्याभरात नोंदवायचे ठरले.

कागद हाती आल्यावर वकिलांनी शोध अहवालाचे, म्हणजे मिळकतीचे जुने दस्त आणि बोजे तपासण्याचे, काम सुरू केले. पुण्यात शहरातल्या मिळकतीचा दस्त हवेलीच्या अनेक दुय्यम निबंधक कार्यालयांपैकी कोणत्याही ठिकाणी नोंदवता येतो, त्यामुळे एकाच कार्यालयातल्या शोधावर भागत नाही. वकिलांनी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे मिळकतीच्या नोंदवलेल्या दस्तांची यादी, काढली, तेव्हा तिच्यात गृहकर्जाखेरीज गहाणाची आणखी एक नोंद निघाली. घराची मूळ कागदपत्रे कर्जासाठी बँकेत ठेवली, की त्याची सूचना निबंधकाकडे द्यावी लागते. 2013 पासून महाराष्ट्रात ही तरतूद लागू आहे. मालकाच्या भाच्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला हाच फ्लॅट तारण होता, आणि ते कर्ज त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत होते. गृहकर्जाच्या शाखेने दिलेले पत्र फक्त त्या एका खात्यापुरते होते. दोन्ही खात्यांची मिळून थकबाकी फ्लॅटच्या ठरलेल्या किमतीहून जास्त भरत होती.

धंद्याचे ते खाते मार्च 2020 च्या आधीच थकीत ठरले होते, आणि 2002 च्या सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जाचे तारण बँकेला ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम 13(2) खालची नोटीस बँकेने बजावलेली होती. ही नोटीस कर्जदाराला आणि जामीनदाराला जाते. कर्जदाराने ती टाळली नाही, तर ती दारावर लागत नाही की वर्तमानपत्रात येत नाही. एरवी ताबा घेण्याची पायरी आल्यावरच जाहीर सूचना दिसते. मधल्या काळात घर बाहेरून अगदी स्वच्छ दिसते, पण बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते विकण्याचा अधिकार मालकाला उरलेला नसतो. आमच्याकडून विसार घेताना त्याला हे पूर्ण ठाऊक होते.

सोसायटीच्या सचिवांना भेटल्यावर त्यांनी विचारले, "तुम्हीही विसार दिला आहे का?" आमच्या आधी तिघांनी दिला होता. तिघांच्या पावत्यांवर किंमत वेगळी, तारखा एकमेकींवर चढलेल्या, आणि प्रत्येकाला त्याने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासच होकार मिळालेला. कोणाचीही पावती नोंदणीकृत नव्हती, त्यामुळे एकाची खबर दुसऱ्याला सूचीत दिसण्याचा मार्गच नव्हता.

पोलीस ठाण्यात पहिले उत्तर मिळाले की हा दिवाणी वाद आहे, दावा लावा. एकट्या माणसाची तक्रार असती तर ते उत्तर कदाचित टिकले असते. चौघांनी मिळून पावत्या आणि बँकेचे उतारे एकत्र मांडले, तेव्हा एकच घर एकाच काळात चौघांना विकायला काढल्याचे उघड झाले आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खाली गुन्हा नोंदवला गेला. (1 जुलै 2024 पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागू होते.) मालकाचा बचाव असा होता की ही रक्कम हातउसनी घेतली होती आणि विसारपावती केवळ हमी म्हणून लिहून दिली होती. इथे एका गोष्टीने आम्हाला तारले. 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरासाठी प्रत्येक हप्ता देतानाच 1 टक्का आयकर कापून भरावा लागतो; त्या काळात, मार्च 2021 अखेरपर्यंत, हा दर 0.75 टक्के होता. आम्ही विसारावरचे 5,250 रुपये कापून फॉर्म 26क्यूबी भरला होता. फ्लॅटच्या पत्त्यासह आणि विक्रेत्याच्या पॅन क्रमांकासह ती रक्कम घराच्या किमतीपोटी दिल्याची सरकारदरबारी नोंद होती, आणि उसनवारीची गोष्ट तिच्यापुढे टिकली नाही. ज्यांनी विसाराचा काही भाग रोख दिला होता, त्यांना तेवढी रक्कम दिल्याचे सिद्ध करणेच जड गेले.

बँकेने पुढे फ्लॅट लिलावात विकला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, ज्या खरेदीदाराने आगाऊ रक्कम दिली आहे त्याचा मिळकतीवर बोजा राहतो खरा, पण आधीच्या गहाणापुढे तो मागे पडतो, त्यामुळे लिलावाच्या पैशांतून आम्हाला काही मिळाले नाही. जामिनाच्या वेळी झालेल्या तडजोडीत 3 लाख परत आले. उरलेल्या रकमेचा दावा चालू आहे. वैयक्तिक मालकाकडून जुना फ्लॅट घेताना महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, दाद मागता येत नाही, हेही अनेकांना तोपर्यंत माहीत नसते.

सध्या जे घर शोधत आहेत आणि ज्यांच्या आकड्याला चटकन होकार मिळाला आहे, त्यांनी विसाराआधी सूची क्रमांक 2 आणि केंद्रीय तारण नोंदणी म्हणजे सेरसाईचा शोध घ्यावा. दोन्हींसाठी मालकाच्या परवानगीची गरज नसते. बँकेच्या पत्रात केवळ शिल्लक किती हे न पाहता, "ही रक्कम भरल्यावर या फ्लॅटवरचे आमचे सर्व बोजे उतरतील आणि मूळ कागदपत्रे परत दिली जातील" असे वाक्य लिहून मागावे. आमच्या मालकाला ते वाक्य कोणत्याही शाखेकडून मिळू शकले नसते. आणि ज्यांचा विसार आधीच अडकला आहे, त्यांनी वकिलाच्या नोटिशीची वाट न पाहता सोसायटीच्या सचिवांना गाठून आपल्या आधी कोण कोण चौकशीला आले होते ते विचारावे.