किनाऱ्यावर एकट्याची एक रात्र: दुपदरी जाळीदार तंबू कसोटीला कसा उतरतो

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात एकट्याने बाहेर रात्र काढायची म्हटलं की लोक आधी जाड स्लीपिंग बॅग घेतात. हा पैसा बहुधा वाया जातो. समुद्रालगत डिसेंबर-जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण 16 ते 20 अंशांवर असतो. वर डोंगरावरच्या दापोलीला तो बराच खाली उतरतो, पण खाली किनाऱ्यावर हर्णे-आंजर्ल्याला एक गोधडी आणि एक सेंटिमीटर जाडीची फोमची चटई पुरते. इथे खरा त्रास दहिवराचा. उघड्यावर ठेवलेली सॅक पहाटे पिळून काढावी इतकी ओली होते. म्हणून खर्च करायचाच असेल तर तो तंबूवर करावा, आणि तोही दुपदरी तंबूवर.

इथे ज्या रचनेबद्दल लिहितोय ती अशी: एक माणूस आणि त्याची सॅक मावेल एवढी जागा, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या काठ्या, आतला भाग जाळीचा, बुडाला पाणी न झिरपणारं कापड आणि वरून वेगळं फ्लाय, म्हणजे पाणी अडवणारं बाहेरचं कापड. वजन दीड ते दोन किलो. अशा घडणीचे तंबू अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे छापापेक्षा घडण बघून घ्यावा.

दुपदरीचा आग्रह का, तर मोकळ्या आकाशाखाली फ्लायचं कापड रात्री भराभर उष्णता सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. दमट हवा त्यावर बाहेरून पाणी सोडते. आतून झोपलेल्या माणसाच्या श्वासाची नि अंगाची वाफ, रात्रभरात पाव लिटरच्या आसपास, त्याच कापडाला धरते. एकपदरी स्वस्त तंबूत हे पाणी थेट गोधडीवर ओघळतं. कूस बदलताना खांदा भिंतीला लागला तरी सदरा भिजतो. दुपदरीत फ्लाय आणि जाळी यांच्यात चार बोटं हवा राहते, पाणी फ्लायच्या आतून सरकत खाली जातं आणि तुम्ही कोरडे राहता. अट एकच: फ्लाय ताणलेलं हवं. सैल पडून जाळीला चिकटलं की दुपदरीपणाला अर्थ उरत नाही. नायलॉन भिजलं की सैलावतं, पॉलिस्टर फारसं नाही, म्हणून इथे थोडं जड असलं तरी पॉलिस्टरचं फ्लाय बरं. नायलॉनचं असेल तर झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा एकदा ओढून घ्याव्यात.

वाऱ्याचंही गणित आहे. दिवसा खारे वारे पश्चिमेकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. संध्याकाळचा वारा बघून तंबूचं तोंड लावलं तर मध्यरात्री हवा उलटी फिरलेली असते. दार पूर्वेला ठेवून त्या बाजूचं फ्लाय वीतभर वर बांधलं की वाफ बाहेर निघत राहते. आणि डोक्यावर झाड असेल तर दहिवर निम्म्याहून कमी वाटतं, कारण पानं आकाश झाकतात. सुरूच्या बनाची कड यासाठी उत्तम. मात्र वर वाळकी फांदी लटकत नाही ना, हे उजेड असतानाच पाहायला हवं. आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या वाडीत, मुक्काम मिळाला तर माडाखाली तंबू कधीच लावू नये. झावळी पडली तरी काठी मोडते, नारळ पडला तर डोकं.

मेखांच्या बाबतीत मात्र हे तंबू उणे पडतात. सोबत मिळणाऱ्या बारीक सळीच्या मेखा पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, दोन बोटं ओढली तरी सुटून येतात. त्याऐवजी चार-सहा छोट्या कापडी पिशव्या न्याव्यात, प्रत्येकीत दोन-तीन किलो वाळू भरावी, दोरी मधोमध बांधावी आणि पिशवी हातभर खोल पुरावी. पिशवी नसेल तर किनाऱ्यावर पडलेलं लाकूड दोरीला आडवं पुरलं तरी तेवढंच घट्ट बसतं. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, उलटी गत: जांभ्यात मेख जातच नाही, ठोकली तर वाकते. तिथे दगडाला दोरी गुंडाळायची आणि त्यावर दुसरा दगड ठेवायचा. म्हणूनच मेखांविना उभा राहणारा तंबू लागतो. चालण्याच्या काठीवर ताणून उभे करायचे हलके तंबू सह्याद्रीच्या मातीत छान, पण कोकणच्या कातळावर ते त्रासाचे.

झुला आणि ताडपत्री हा हलका पर्याय सुचवला जातो, पण सड्यावर झुला बांधायला झाड कुठे आहे? नुसत्या ताडपत्रीखाली जमिनीवर झोपणं तर इथे टाळावंच. जांभ्याच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, दगडाखाली विंचू असतो. चारी बाजूंनी चेन लागणारं बूड हे या तंबूचं सर्वांत मोठं मोल आहे. चेन एक बोटभरही उघडी राहू देऊ नये, चपला आत घ्याव्यात (गावातली कुत्रीही त्या पळवतात), आणि रात्री उठायचं झालं तर बॅटरी आधी, पाऊल नंतर.

एका रात्रीचा बेत आखताना आधी कॅलेंडरातली तिथी बघा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो: अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री साडेअकरा-बाराच्या आसपास, तीही उधाणाची. चांदण्याच्या मोहाने पौर्णिमेला पुळणीवर तंबू ठोकणाऱ्याच्या पायाशी पाणी ऐन झोपेत येतं. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची सर्वांत वरची रेघ शोधायची आणि तिच्याही बऱ्यापैकी वर, शक्यतो वाळू सोडूनच राहायचं. वेळास, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे पुळणीवर तंबू आणि पांढरा उजेड दोन्ही नकोत. आंजर्ले, पाडले, आडे असं चालत जाऊन मुक्कामाला गावातल्या कुणाच्या आगरात किंवा देवळाच्या आवारात विचारून जागा घेणं चांगलं. विचारलं की सहसा नाही म्हणत नाहीत, आणि गावात कुणाला तरी आपण कुठे आहोत हे माहीत असतं. एकट्याने जाताना ते मोलाचं. घरीही मुक्कामाचं गाव आणि परतीची गाडी सांगून ठेवावी.

पाणी दुपारपासून सकाळपर्यंत तीन लिटर. किनाऱ्याच्या काही विहिरी मचूळ असतात, म्हणून वरच्या वाडीत भरून घ्यावं. भाकरी, चटणी, केळी असली तर स्टोव्हचं वजन वाचतं, आणि सुरूच्या वाळक्या पानांत किंवा सड्यावरच्या गवतात आग पेटवण्याचा प्रश्नच येत नाही.

संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीने (रात्री गावात थांबणाऱ्या एसटीने) जाऊन पहाटे त्याच गाडीने परतणं हा सगळ्यांत सोपा बेत. त्यात अडचण एवढीच, की गाडी सुटते तेव्हा ऊन नसतं आणि फ्लाय ओलंचिंब असतं. ते झटकावं, कापडाने पुसावं आणि वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवावं. इनर, म्हणजे जाळीचा आतला भाग, कोरडाच आत जातो. एकपदरी तंबूत ही सोय नाही. घरी पोचल्यावर त्याच दिवशी सावलीत वाळवायचा, टाळाटाळ नको. ओला गुंडाळून ठेवला तर बुडाचा लेप चिकट होऊन सुटायला लागतो आणि त्यावर इलाज नाही. काठ्यांच्या सांध्यांतली वाळू झटकून, काठ्या आणि चेन गोड्या पाण्याने पुसाव्यात. मिठाने चेन आधी जाम होते, मग दात सोडते.

जून ते सप्टेंबर हा तंबू घट्ट पिशवीत कोंबून ठेवू नये, सुती कापडात सैल बांधून कोरड्या कपाटात ठेवावा. पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी तो घ्यायचा असेल तर घेऊ नका: जाळीचा आतला भाग वाऱ्याबरोबर येणारे तुषार अडवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यासाठी मात्र बिनधास्त घ्या.