शहापूर ते शिनोळी, रोज इलेक्ट्रिक स्कूटरवर: पावसाळा, थंडी आणि लाईट बिल

भेटेल तो गाडीकडे बघून एकच विचारतो, "एका चार्जिंगला किती जाते?" माझं उत्तर ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढे जातात. इतके महिने वापरल्यावर मला वाटतं, हा प्रश्न तिसरा-चौथा असायला हवा. पहिला प्रश्न घराच्या अर्थिंगचा, दुसरा लाईट बिलाचा, आणि मग रोजच्या रस्त्याचा.

2025 च्या मे महिन्यात, वळीव पडून गेल्यावर गाडी घेतली. मी राहतो बेळगावच्या शहापुरात, कामाला शिनोळीच्या एमआयडीसीत. कर्नाटकातून निघायचं, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची करत महाराष्ट्रात पोचायचं, संध्याकाळी परत. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. वर घरची कामं, बाजार, मुलीची शिकवणी. महिन्याला हजार किलोमीटर सहज होतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचं आहे ते एकाच गाडीबद्दल नाही. तीन युनिटच्या आसपासची बॅटरी आणि मागच्या चाकातच मोटर असलेल्या कुठल्याही घरगुती ई-स्कूटरला यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी अर्थिंग. आमचं घर जुनं, गल्लीतलं, वायरिंग वडिलांच्या काळातली. गाडी आली त्या रात्री चार्जर लावला तर लाल दिवा लुकलुकायला लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. शोरूमवाला म्हणाला चार्जर चांगला आहे, घर बघा. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या वायरमनमामांना बोलावलं. त्यांनी प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात टेस्टिंगचा बल्ब लावून बघितला आणि म्हणाले, "अर्थिंगच नाही की हो घराला. हिरवी वायर नुसती भिंतीत सोडल्यात बघा." इतकी वर्षं फ्रिज, मिक्सर, गिझर सगळं त्याच्यावरच चाललं होतं. कुणाला कळायचं कारणच नव्हतं, कारण ती यंत्रं अर्थिंग तपासत नाहीत. हा चार्जर तपासतो, आणि नसेल तर करंट घ्यायला नकार देतो. मागच्या परड्यात खड्डा काढला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी घालायला सिमेंटचं छोटं तोंड ठेवलं. तिथून जाड वायर ओढून पंधरा अँपिअरचा वेगळा प्लग आणि त्याला स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवला. त्यानंतर चार्जरने एकदाही तक्रार केली नाही. हा खर्च शोरूमच्या कोटेशनमध्ये नसतो, पण माझ्या मते गाडीबरोबर मिळालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. आता आई गिझरचं बटण दाबते तेव्हा मी निर्धास्त असतो.

लाईट बिलाचा भाग कर्नाटकातल्या लोकांनी नीट वाचावा. आम्हाला कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना लागू आहे. या योजनेत 200 युनिटपर्यंत वीज फुकट असं सगळे म्हणतात, पण तसं सरसकट नाही. 2022-23 सालात तुमच्या घरात महिन्याला सरासरी किती युनिट जळले, त्यावर दहा टक्के वाढवून जो आकडा येतो, तेवढेच फुकट. आमचा आकडा शंभराच्या जरा खाली. 2023 च्या ऑगस्टपासून आम्हाला शून्याचं बिल यायचं. गाडी आली आणि महिन्याला चाळीसेक युनिट वाढले. शून्याची सवय झालेल्या घरात पहिल्यांदा पैशाचं बिल आलं तेव्हा आई ते घेऊन माझ्याकडे आली, "हेस्कॉमनं काय तरी चूक केल्यात काय रे?" हेस्कॉम म्हणजे आमची वीज कंपनी. चूक नव्हती. वरच्या युनिटला सहा रुपयांच्या आसपास दर, म्हणजे अडीचशेच्या घरात रक्कम. हे परवडतं. पण ज्यांच्या घरी आधीच एकशे सत्तर-ऐंशी युनिट जातात त्यांनी जपावं. दोनशेच्या वर गेलात की सवलत त्या महिन्यापुरती पूर्णच जाते आणि पहिल्या युनिटपासून बिल भरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पंखे दिवसभर फिरतात तेव्हा हे सहज होऊ शकतं. मी आता मीटरचं रीडिंग महिन्याच्या मध्यावर एकदा बघून ठेवतो.

पेट्रोलशी हिशोब सोपा आहे. आधीची माझी स्कूटर लिटरला पंचेचाळीस द्यायची. पेट्रोल इकडे शंभरीच्या वर. 2024 च्या जूनमध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवल्यावर एका रात्रीत तीन रुपये चढलं होतं ते आठवत असेल. हजार किलोमीटरला बावीस लिटर, म्हणजे बावीसशे-तेवीसशे रुपये. आता तेच अडीचशेत होतं. महिन्याला दोन हजार वाचतात, आणि ते दिसतात. पगार तोच असूनही महिनाअखेरीला किराणा दुकानाची उधारी राहत नाही.

मग रेंज, म्हणजे एका चार्जिंगला गाडी किती जाते ते. कंपनी सांगते तो आकडा चाचणीच्या ठरलेल्या चक्रातला असतो. आपल्या रस्त्यावर तो मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून फसलो असंही समजू नये. एकटा असताना पंचेचाळीस-पन्नासच्या वेगाने नव्वदीच्या पुढे-मागे मिळतात. मागे बायको आणि पायात गणपत गल्लीतल्या बाजाराच्या पिशव्या असतील तर ऐंशी धरा. पावसात समोरून वारा असतो, रस्ता ओला, अजून थोडी घट. डिसेंबरच्या गारठ्यातही सकाळी आकडा भराभर उतरल्यासारखा वाटतो. एक गोष्ट वापरूनच कळते: बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर जी वीज परत भरली जाते ती भरतच नाही, कारण जागाच नसते. म्हणून मी रोज नव्वदच्या आसपास थांबवतो. लांब जायचं असेल तेव्हाच पूर्ण. शिनोळीच्या फेरीला निम्मीसुद्धा बॅटरी जात नाही, तर पूर्ण भरण्याचा हट्ट कशाला?

लांबचा अनुभव निपाणीचा. सासुरवाडी तिथली. हायवेला लागल्यावर गाड्यांच्या ओघात आपण नकळत साठ-सत्तरवर जातो आणि टक्के डोळ्यांदेखत गळायला लागतात. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध कितीतरी जास्त वाढतो, आणि बॅटरीवर तो थेट दिसतो. वंटमुरी घाटाच्या चढाला आणखी गेले. संकेश्वरला चहाला थांबलो तेव्हा मनात बेरीज-वजाबाकी चालू होती. तिथून पंचेचाळीसच्या वेगाने डाव्या कडेने गेलो, आणि पोचलो तेव्हा एक आकडी टक्के उरले होते. सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली, तिथलं अर्थिंग चांगलं निघालं. दुपारचं जेवण, झोप, गप्पा होईपर्यंत परतीपुरतं भरलं. शक्य आहे, पण मला आवडलं नाही. हायवेचा प्रवास नेहमीचा असेल तर ही गाडी त्यासाठी नाही.

आता पाऊस. आईची खरी भीती हीच होती. "पावसात शॉक लागंल की रे." 2022 च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ घरोघरी पोचले होते, ते तिच्या डोक्यातून गेले नव्हते. मी तिला एवढंच सांगितलं की त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, एआयएस-156 या सरकारी मानकात दुरुस्त्या झाल्या, आणि 2023 च्या मार्चअखेरपर्यंत त्या टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. माझ्या गाडीच्या बॅटरीला आणि मोटरला आयपी67 दर्जा आहे. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालेल. हिंडलग्याच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं असताना गाडी त्यातून बिनधास्त गेली. पण लक्षात ठेवा, हा दर्जा बॅटरी-मोटरचा आहे, घरातल्या प्लगचा आणि चार्जरचा नाही. चार्जर मी फळीवर ठेवतो, आणि गाडीचं चार्जिंगचं तोंड आधी कोरड्या फडक्याने पुसूनच जोडतो.

पावसाने त्रास दिला तो वेगळ्याच जागी. साइड स्टँडला सेन्सर असतो, स्टँड खाली असेल तर मोटर चालू होत नाही. आपल्याकडचा तांबडा चिखल त्या सांध्यात जाऊन वाळला की सेन्सरला वाटतं स्टँड खालीच आहे. बाचीजवळ भर पावसात गाडी अशी अडून बसली. बाटलीतलं पाणी ओतून, बोटाने चिखल काढून चालू केली. सर्व्हिसला नेली तर "पार्ट मागवावा लागेल, परवा या" असं ऐकून परत आलो, आणि तो परवा बऱ्याच उशिराने उजाडला. पेट्रोल गाडीचं काम गल्लीतला मेस्त्री संध्याकाळपर्यंत करून देतो. इथे ती सोय नाही. सर्व्हिस सेंटरमधली पोरं मनाने चांगली आहेत, पण कॉम्प्युटर जोडल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही, आणि पार्ट बाहेरून येतो. टायरचंही तसंच. साधं पंक्चर कुठेही निघतं, ट्यूबलेस आहे. पण मागचा टायर बदलायचा तर चाकातच मोटर, त्यातून जाड वायरी बाहेर आलेल्या, पंक्चरवाला हात लावायला तयार होत नाही. मला त्याचं बरोबर वाटतं.

सप्टेंबरमध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा कारखान्यातल्या पोरांनी मला घेरलं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि पेट्रोल स्कूटर सात-आठ हजारांनी उतरल्या. इलेक्ट्रिकवर आधीपासून 5 टक्के, ती आहे तिथेच. "दादा, आता काय घ्यायचं?" मी त्यांना फक्त किलोमीटर विचारले. माझी गाडी रस्त्यावर यायला सव्वा लाखाच्या आसपास लागले. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचं ई-गाड्यांवरचं अनुदान त्या वर्षी निम्मं होऊन जास्तीत जास्त 5,000 वर आलं होतं, तेवढं मिळालं. कर उतरल्यावरच्या पेट्रोल स्कूटरशी फरक तीसेक हजारांचा. माझ्यासारखा रोज बाचीची हद्द ओलांडणारा माणूस तो सव्वा वर्षात भरून काढतो. टिळकवाडीतून शहापूरला दुकानात जाणाऱ्याला, दिवसाला दहा किलोमीटर चालवणाऱ्याला, चार वर्षं लागतील. त्याने स्वस्त झालेली पेट्रोल गाडी घेतली तर मी चुकीचं म्हणणार नाही. भाड्याने वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने तर आधी घरमालकाशीच बोलावं.

कर्जाचंही एक सांगतो. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 6.50 टक्क्यांवरून उतरवत डिसेंबरपर्यंत 5.25 वर आणला. बातम्या वाचून मला वाटेल तितका आनंद झाला नाही, कारण गाडीचं कर्ज बहुतेक ठिकाणी ठरलेल्या व्याजाचं असतं आणि माझंही तसंच आहे. घरकर्जवाल्यांचे हप्ते हलले, आमचे नाहीत. म्हणून कर्ज घेताना व्याज किती टक्के यापेक्षा एकूण किती रुपये परत जाणार ते कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या क्लार्ककडून कागदावर लिहून घ्या.

ही गाडी चालवताना एक गोष्ट मला खरोखर टोचते. आमचा कारखाना इंजिनाचे सुटे भाग मशिनिंग करतो. उद्यमबाग, मच्छे, शिनोळी, सगळा पट्टा फाउंड्री आणि मशीन शॉपचा. बेळगावचा क्रँकशाफ्ट (इंजिनातला पिस्टनने फिरणारा दांडा) देशभर जातो हे आम्ही अभिमानाने सांगत आलो. माझ्या गाडीत क्रँकशाफ्ट नाही, पिस्टन नाही, सिलिंडर नाही, कॅमशाफ्ट नाही. त्याजागी आहेत चुंबकं, तांब्याची गुंडाळी आणि इलेक्ट्रॉनिक्सची पेटी. त्या चुंबकांना लागणारी दुर्मिळ खनिजं बहुतांश चीनमधून येतात. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा आपल्याकडच्या मोठमोठ्या कंपन्यांना उत्पादन अडेल की काय अशी चिंता पडली. ती बातमी मी कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचली, समोर क्रँकशाफ्टचे क्रेट रचून ठेवलेले होते. आमच्या हातातलं कौशल्य, मायक्रोमीटरने मिलीमीटरचा शंभरावा भाग बघणारी नजर, वाया जाणार नाही यावर माझा विश्वास आहे. मोटरची बाहेरची कवचं, गिअर, शाफ्ट यांनाही तीच अचूकता लागते. पण ते काम आमच्या पट्ट्यात यायला हवं, आणि त्यासाठी इथल्या मालक लोकांनी आत्ताच हातपाय हलवायला हवेत. हे मी आमच्या मालकांनाही बोललो आहे, आणि त्यांनी ऐकून घेतलं.

बाकी गाडीबद्दल मन समाधानी आहे. संध्याकाळी उचगाव फाट्यावरून घराकडे येताना इंजिनाची थरथर हाताला नसते, कंबर दुखत नाही. डिकीत डबा, रेनकोट आणि वाचनालयाची दोन पुस्तकं बसतात. हॉर्न मात्र अगदी बारीक, खडेबाजारात कुणाला ऐकूच येत नाही.

बॅटरीची वॉरंटी तीन वर्षं किंवा 50,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. माझ्या वापराने तीन वर्षं आधी संपतील, किलोमीटर उरतील. बॅटरी हाच गाडीतला सगळ्यात महागडा भाग, म्हणून पैसे भरून वॉरंटी वाढवून घ्यायचं ठरवलंय. त्याला मुदत असते, ती निघून गेली की मिळत नाही. मार्चच्या पगारातून ते पैसे भरणार आहे.