चकती की शेल? भरीव वस्तूंच्या गणितात काप निवडताना

मुळा चिरला की चकत्या पडतात, कांदा सोलला की पापुद्रे निघतात. इंटिग्रेशनने घनफळ काढायच्या दोन मुख्य पद्धती याच. अक्षाला आडवे काप घेतले तर चकती (मधे भोक असेल तर वॉशर), अक्षाभोवती एकात एक नळ्या बसवल्या तर शेल. उत्तर दोन्हींनी तेच येतं. फरक एवढाच, की एकीकडे चार ओळींत सुटतं आणि दुसरीकडे पानभर खरडावं लागतं. बारावी, जेईई किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न घनफळापुरता राहत नाही. वस्तुमानकेंद्र, मोमेंट ऑफ इनर्शिया (वस्तू फिरवायला होणारा विरोध), टाकी उपसायला लागणारं कार्य, सगळीकडे आधी काप ठरवावा लागतो. निवडीची कसोटी एकच आहे: जी राशी सूत्रात गुणायची आहे, ती त्या कापाच्या प्रत्येक कणासाठी सारखी असली पाहिजे. ती सारखी नसेल, तर निदान त्या कापाचं उत्तर आधीच ठाऊक हवं.

घनफळ: वक्र कोणत्या चलात दिलाय ते बघा

वाय = एक्स − एक्स³ हा वक्र घ्या, एक्स ० ते १. त्याच्याखालचा भाग एक्स-अक्षाभोवती फिरवला तर चकतीच घ्यावी. पाय × (एक्स − एक्स³)² चं इंटिग्रेशन म्हणजे पाय × (१/३ − २/५ + १/७), उत्तर ८पाय/१०५. हाच भाग वाय-अक्षाभोवती फिरवला की चकतीवाल्याची पंचाईत होते. आडवा काप घ्यायचा तर एक्स हा वायच्या भाषेत मांडावा लागतो, म्हणजे घनसमीकरण सोडवणं आलं. शेलमध्ये वक्र आहे तसाच वापरता येतो. नळी उभी चिरून सपाट केली की २पाय × एक्स लांबीचा, वाय उंचीचा, डीएक्स जाडीचा पत्रा मिळतो. २पाय × (एक्स² − एक्स⁴) चं इंटिग्रेशन ० ते १, उत्तर ४पाय/१५. दोन ओळी.

पाठ करायचंच असेल तर एवढं करा: पट्टी अक्षाला काटकोनात असेल तर ती फिरून चकती होते, समांतर असेल तर शेल. आणि पट्टी नेहमी अशी उभी-आडवी ठेवा, की तिची दोन्ही टोकं दिलेल्या सूत्रांवरच पडतील.

चुका मात्र ठरलेल्या आहेत. वॉशरमध्ये बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग वजा आतल्या त्रिज्येचा वर्ग घ्यायचा असतो, तिथे मुलं फरकाचा वर्ग घेतात. वाय = एक्स आणि वाय = एक्स² यांच्यामधला भाग वाय-अक्षाभोवती फिरवून बघा. बरोबर उत्तर पाय/६, फरकाचा वर्ग घेतला की पाय/३०. पाचपट फरक, आणि आकडा दिसायला इतका साळसूद की शंकाही येत नाही. शेलची चूक निराळी. अक्ष एक्स = २ असा सरकवला तरी त्रिज्या एक्सच लिहिली जाते, खरी त्रिज्या (२ − एक्स). सुरुवातीच्या वाय = एक्स − एक्स³ साठी मग खरं घनफळ ११पाय/१५ होतं.

दोन्ही पद्धती सारख्याच सोप्या पडतात असंही एक उदाहरण आहे, आणि उत्तर ताडून बघायला ते फार उपयोगी आहे. ५ सेंमी त्रिज्येच्या भरीव गोलातून, केंद्रातून जाणारं ३ सेंमी त्रिज्येचं भोक आरपार पाडलं. उरलेला मणी केवढा? वॉशरने: पाय × [(२५ − वाय²) − ९], वाय −४ ते ४, उत्तर २५६पाय/३, म्हणजे सुमारे २६८ घन सेंमी. शेलने: २पाय × एक्स × २√(२५ − एक्स²), एक्स ३ ते ५, वर्गमुळातलं सगळं एक अक्षर मानलं की तेच उत्तर. मर्यादा मात्र वेगळ्या. वॉशरच्या मर्यादा ४ आहेत, ५ नाहीत, कारण ड्रिल आत शिरताना गोलाच्या दोन्ही टोप्याही उडतात. ‘गोलातून वृत्तचिती वजा’ करणारे इथेच फसतात. ८ सेंमी लांबीची चिती वजा केली तर टोप्या राहून जातात आणि उत्तर जास्त येतं, १० सेंमीची केली तर हवासुद्धा वजा होते आणि उत्तर कमी येतं. शेलमध्ये टोप्यांचा विचारच करावा लागत नाही, ३ ते ५ मध्ये त्या आपोआप सुटतात. म्हणून भोक पाडलेल्या वस्तूंना आमचं मत शेलला.

पॅपसचा आडमार्ग

चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसचं प्रमेय सांगतं: सपाट आकृती अक्षाभोवती फिरवली तर घनफळ = आकृतीचं क्षेत्रफळ × तिच्या गुरुत्वमध्याने कापलेलं अंतर. अट अशी, की अक्ष आकृतीला छेदून जाता कामा नये. गोल काप असलेल्या कड्याला चकती किंवा शेल लावणं म्हणजे उगाच वर्गमुळांशी झटापट, तिथे पॅपसच बरा.

दोन-सहा मापाची बांगडी घ्या. दोन-सहा म्हणजे आतला व्यास २ पूर्णांक ६/१६ इंच, म्हणजे ६०.३ मिमी. तार भरीव आणि ४ मिमी जाडीची. तारेच्या मध्यापर्यंतची त्रिज्या ३०.१५ + २ = ३२.१५ मिमी. घनफळ २ × पाय² × ३२.१५ × २² = सुमारे २५३८ घन मिमी. शुद्ध सोन्याची घनता १९.३ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर वजन ४९ ग्रॅम. मध्याऐवजी आतलीच त्रिज्या घातली तर ४६ येतं. तीन ग्रॅम सोनं कागदावरच गळालं!

मोमेंट ऑफ इनर्शिया: इथे खरी निवड

घनफळात दोन्ही काप तुल्यबळ असतात, इथे नसतात. गुणायची राशी आहे अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग. शेलवरचा प्रत्येक कण अक्षापासून तेवढ्याच अंतरावर असतो, म्हणून एक्स² × डीएम (डीएम म्हणजे त्या कापाचं वस्तुमान) थेट लिहिता येतं. चकतीत कण केंद्रापासून काठापर्यंत पसरलेले असतात, तिथे एक्स² × डीएम लिहिणं सरळ चूक. तिला तिचा स्वतःचा ½ लावावा लागतो: ½ × वाय² × डीएम, वाय म्हणजे चकतीची त्रिज्या. हा ½ विसरणं ही या प्रकरणातली सर्वांत सामान्य चूक.

मग चकती सोडूनच द्यावी का? नाही. भरीव गोलासाठी चकती घेतली तर आत (आर² − झेड²)² ही साधी बहुपदी येते आणि २/५ एमआर² (एम वस्तुमान, आर त्रिज्या) सरळ हाती लागतं. शेल घेतली तर एक्स³ × √(आर² − एक्स²) येतं, म्हणजे आदेश घालून मर्यादा बदलणं आलं. वेळ कमी असेल तर गोलाला चकती.

आणखी एक तिसरा मार्ग आहे, खरा कांद्याचा: एकात एक पोकळ गोल. प्रत्येक पोकळ गोलाचं २/३ × आर² × डीएम ठाऊक असेल तर एका ओळीत काम होतं. घनता केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असेल तेव्हा तर हाच एक सोयीचा, कारण एका पापुद्र्यात घनता सगळीकडे सारखी राहते. घनता केंद्रापाशी शून्य आणि बाहेर अंतराच्या प्रमाणात वाढत जाणारी असेल तर उत्तर ४/९ एमआर², म्हणजे २/५ पेक्षा मोठं, कारण वस्तुमान बाहेर गेलंय. पृथ्वीचं उलट आहे. गाभा लोखंडाचा आणि जड, त्यामुळे तिचा गुणक ०.४ नसून सुमारे ०.३३ आहे. काढलेल्या उत्तराची दिशा अशी पडताळायची सवय ठेवा.

अंतराच्या बाबतीत एक चकवा असा. गोलाच्या आतल्या कणाचं केंद्रापासूनचं अंतर वापरलं तर ३/५ एमआर² येतं. हे चुकीचं, कारण अंतर अक्षापासून मोजायचं असतं, बिंदूपासून नाही. पण हे ३/५ फेकून देऊ नका. तिन्ही अक्षांवरच्या मोमेंटची बेरीज या राशीच्या दुप्पट असते, आणि गोलात तिन्ही मोमेंट सारख्याच. म्हणून एक मोमेंट = (२/३) × (३/५) = २/५. कधी कधी हीच सगळ्यांत जलद पद्धत ठरते.

आता तो मणी पुन्हा घेऊ, भोकाच्या अक्षाभोवती. शेलने ३ ते ५ इंटिग्रेशन केलं की १५.४ × एम येतं (सेंमी² मध्ये). वॉशरने करायचं तर प्रत्येक वॉशरचं ½ × डीएम × (बाहेरची त्रिज्या² + आतली त्रिज्या²), इथे मात्र अधिक! घनफळात वजा आणि इथे अधिक, यात गोंधळ उडतो. कारण सोपं आहे: वजाचा भाग डीएममध्ये आधीच जाऊन बसलेला असतो. ताळा करायचा तर भोकाची त्रिज्या² + (२/५) × (५² − ३²) = ९ + ६.४, बरोबर १५.४.

अक्ष आडवा असेल, उदाहरणार्थ शंकू टोकाभोवती झुलत असेल, तर शेल विसरा. चकत्याच घ्या, पण प्रत्येकीला दोन पदं: तिच्या व्यासाभोवतीचं ¼ × वाय² × डीएम आणि समांतर अक्षाचं झेड² × डीएम (झेड म्हणजे टोकापासूनचं अंतर). पूर्ण उत्तर (३/२०) एमआर² + (३/५) एमएच², एच म्हणजे उंची. बुटक्या शंकूत ¼ वगळला तर मोठी चूक होते. त्रिज्या आणि उंची सारखी असेल तर ०.७५ ऐवजी ०.६०. लंब-अक्ष प्रमेय (पत्र्यातल्या दोन काटकोनी अक्षांच्या मोमेंटची बेरीज म्हणजे पत्र्याला लंब अक्षाचा मोमेंट) तर इथे बिलकूल लावू नये, ते फक्त सपाट पत्र्यांचं आहे. भरीव गोलाला लावून बघा, मोमेंटला आय म्हटलं तर आय = आय + आय असं निघेल.

वस्तुमानकेंद्र, टाकी आणि तिरका काठ

इथे फार निवड नाही. उंची गुणायची म्हणून आडव्या चकत्या. भरीव शंकूचं केंद्र तळापासून एच/४, पोकळ (बिनतळाच्या) शंकूचं एच/३, भरीव अर्धगोलाचं ३आर/८, पोकळाचं आर/२. पाण्याने भरलेली २ मीटर त्रिज्येची अर्धगोल टाकी काठापर्यंत उपसायची तर चकत्यांऐवजी केंद्रच वापरा: एकूण वजन × ०.७५ मीटर, सुमारे १.२३ लाख ज्यूल. अर्धीच उपसायची असेल तर मात्र चकत्यांना पर्याय नाही.

पोकळ वस्तूंत एक जुना सापळा आहे. चकतीच्या काठाची जाडी डीझेड घ्यायची की तिरकी लांबी? घनफळात डीझेड चालते, कारण काठाशी राहून गेलेला चिमुकला त्रिकोण दुसऱ्या घाताचा असतो, काप बारीक होत गेले की तो नाहीसा होतो. पृष्ठफळात तिरकी लांबी पहिल्याच घातात येते, ती टाळता येत नाही. गोलाच्या पृष्ठफळात डीझेड वापरला तर पाय² × आर² येतं, म्हणजे ९.८७ आर². खरं उत्तर ४पाय × आर², १२.५७ आर².

तिहेरी इंटिग्रेशनबद्दल थोडक्यात. वस्तूला फिरवलेल्या वक्राचा आकार नसेल तर ते लागू शकतं. शंकूवर गोलाची टोपी असेल, तर गोलीय निर्देशांक घ्या. आर² × साइन फाय विसरू नका. आणि गणिताच्या आणि भौतिकीच्या पुस्तकांत थीटा-फाय यांची अदलाबदल असते, म्हणून पानावर पहिल्याच ओळीत कोणता कोन कुठला ते लिहून ठेवा.

उतारावर सोडल्यावर: ऊर्जा की टॉर्क?

आता हीच वस्तू उतारावरून न घसरता गडगडत येतेय असं समजा. वेग विचारला असेल तर ऊर्जा. घर्षण, त्वरण किंवा ‘घसरेल का’ विचारलं असेल तर बल आणि टॉर्क (बलाचा फिरवण्याचा परिणाम) यांची दोन समीकरणं. ऊर्जेत घर्षण दिसतच नाही, कारण न घसरता गडगडताना त्याचं कार्य शून्य असतं, मग ते काढणार कुठून? त्वरण एका फटक्यात हवं असेल तर टेकलेल्या बिंदूभोवती टॉर्क घ्या, घर्षण समीकरणातून उडून जातं. फक्त मोमेंटसुद्धा त्याच बिंदूभोवतीचा घ्यायचा, आय + एमआर². केंद्राचा आय तिथे घालणारे बरेच असतात.

मोमेंटला एमआर² ने भागलेला आकडा एकदा काढला की सगळं त्यावरच ठरतं. भरीव गोल ०.४, चिती ०.५, पोकळ गोल ०.६७, कडं १. आपला मणी, भोकाचा अक्ष उताराला आडवा ठेवून सोडला तर, १५.४/२५ = ०.६१६. उंचीत अर्धा मीटर खाली आल्यावर भरीव गोलाचा वेग २.६५ मीटर प्रति सेकंद, मण्याचा २.४६. वस्तुमान दोन्हीकडे कटतं, म्हणून मणी सोन्याचा की लाकडाचा याने फरक पडत नाही. न घसरण्यासाठी भरीव गोलाला घर्षणगुणक उताराच्या टॅनच्या २/७ पट पुरतो, कड्याला ½ पट लागतो, मण्याला ०.६१६/१.६१६, म्हणजे ०.३८ पट. उतार चढा करत गेलात तर कडं आधी घसरेल, मग मणी आणि शेवटी गोल.