ग्रुपच्या शेवटच्या मॅचेससाठी दोन पडदे पाहिजेतच, आणि इथं आहेत

साडेचार स्टार. अर्धा कशाला कापला ते पुढं लिहितो, आधी महत्त्वाचं. आज ३० नोव्हेंबर २०२२, शुक्रवारच्या रात्रीपर्यंत कतारमधल्या फुटबॉल वर्ल्डकपच्या ग्रुपमधल्या शेवटच्या मॅचेस आहेत, कुठं बघायच्या हे ज्यांचं अजून ठरलं नाही त्यांनी या टर्फच्या शेडमध्ये जागा धरून ठेवा. कोल्हापुरात मॅच बघायच्या जागांना तोटा नाही, पेठेपेठेत मंडळांनी पडदे लावलेत, हॉटेलवाल्यांनी टीव्ही बसवलेत, पण दोन मॅच शेजारी शेजारी एकाच वेळी दाखवणारं मला तरी हे एकच ठिकाण सापडलं आणि या दिवसांत नेमकं तेच पाहिजे असतं.

आत्तापर्यंतच्या मॅचेस कुठंही बघितल्या तरी चालून गेलं. पण ग्रुपमधल्या चार टीमपैकी दोनच पुढं जातात, आणि ग्रुपच्या शेवटच्या दिवशी दोन्ही मॅच एकाच टायमाला सुरू होतात, आणि खरं बघितलं तर ती दोन ग्राउंडवर चाललेली एकच मॅच असते, इकडं गोल झाला की तिकडच्या टीमला अटॅक करायला लागतो, तिकडं कोच खिशातला कागद काढून बघतो, इकडं डिफेंडर बदलून स्ट्रायकर आत येतो. एकच पडदा लावला तर तुम्ही अर्धीच मॅच बघताय, बाकीची अर्धी मोबाईलवर आकड्यात वाचताय.

हा एकाच वेळी खेळवायचा नियम कशामुळं आला ते काल बाजूला बसलेल्या कॉलेजच्या पोरांना माहीत नव्हतं म्हणून लिहितो. १९८२ चा स्पेनमधला वर्ल्डकप, गिहोन शहर. अल्जेरियानं पश्चिम जर्मनीला २-१ हरवून खळबळ उडवली होती, पण त्यांची शेवटची मॅच एक दिवस आधीच संपली, त्यामुळं दुसऱ्या दिवशी जर्मनी आणि ऑस्ट्रिया ग्राउंडवर उतरले तेव्हा दोघांनाही नक्की माहीत होतं की जर्मनी एक किंवा दोन गोलनं जिंकली की दोघंही पुढं. जर्मनीच्या रुबेशनं सुरुवातीलाच गोल मारला आणि मग उरलेला जवळजवळ सगळा वेळ दोन्ही टीमनी नुसता बॉल इकडून तिकडं ढकलला, गॅलरीत अल्जेरियाचे लोक नोटा हलवून निषेध करत बसले. अल्जेरिया दोन मॅच जिंकूनसुद्धा घरी गेली. १९८६ पासून शेवटच्या मॅचेस एकाच वेळी. अल्जेरियाच्या त्या टीमवर झालेला अन्याय मला आजही सहन होत नाही, आणि दरवेळी शेवटच्या राउंडला दोन्हीकडं एकदम शिट्टी वाजते तेव्हा त्यांची आठवण येतेच.

आता जागेबद्दल. टर्फच्या मागं पत्र्याची मोठी शेड आहे, डावीकडं प्रोजेक्टरचा पडदा, उजवीकडं मोठा टीव्ही, आणि दोन्हीच्या मधोमध एक पांढरा बोर्ड. पुढं सतरंज्या, मागं प्लास्टिकच्या खुर्च्या. आवाज एकाच मॅचचा लावतात आणि कुठल्या मॅचचा लावायचा हे ऑपरेटरच्या खुर्चीवर बसलेला पोरगा ठरवतो, त्याला मॅच कळते हे महत्त्वाचं. काल रात्री साडेबाराला इराण-अमेरिका आणि वेल्स-इंग्लंड होती, हाफटाइमला इंग्लंडचं ०-० होतं म्हणून आवाज तिकडचा होता, मग इंग्लंडच्या रॅशफोर्ड आणि फोडेननं पन्नासाव्या-एक्कावन्नाव्या मिनिटाला लागोपाठ दोन गोल मारले आणि पोरानं लगेच आवाज इराणकडं फिरवला, कारण वेल्स संपली म्हटल्यावर इराणला आता एक बरोबरी पुरणार होती, सगळा जीव त्या एका गोलमध्ये अडकला होता. पुलिसिकनं ३८ व्या मिनिटाला स्वतःला दुखापत करून घेत मारलेला गोल शेवटी अमेरिकेला पुरला. शेवटच्या दहा मिनिटांत शेडमध्ये अमेरिकेचा कोणी नव्हताच, सगळे इराणकडून ओरडत होते.

त्याच्या आधीची साडेआठची मॅच तर अजून भारी. इक्वेडोरला सेनेगलशी नुसती बरोबरी पाहिजे होती. सारच्या पेनल्टीवर सेनेगल पुढं, ६७ व्या मिनिटाला कैसेडोनं बरोबरी केली, बोर्डावर लगेच इक्वेडोर दोन नंबरवर चढवलं, आणि खडूचे हात झटकायच्या आत, सॉरी मार्करचं टोपण लावायच्या आत म्हणा, ७० व्या मिनिटाला सेनेगलच्या कुलिबालीचा गोल. तीन मिनिटं इक्वेडोर बाद फेरीत होतं. डावीकडच्या पडद्यावर इक्वेडोरचे खेळाडू ग्राउंडवर बसलेले आणि उजवीकडं टीव्हीवर नेदरलँड्स कतारशी आरामात २-० नं खेळतेय, हे दोन्ही एका नजरेत दिसलं. कुलिबालीचा देशाकडून हा पहिलाच गोल, आणि तोसुद्धा पापा बुबा दिओपच्या स्मृतिदिनाच्या दिवशी. २००२ मध्ये फ्रान्सला धक्का देणारा गोल मारणारा तोच दिओप. त्यांचा हुकमी खेळाडू माने नसताना या टीमनं हे केलंय.

बोर्डाचं काम एक काका करतात, पूर्वी तालमीच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर खेळलेले आहेत, आणि या जागेची खरी किंमत तिथंच आहे. पहिली मॅच साडेदहाच्या सुमारास संपते, दुसरी साडेबाराला, मधल्या वेळात कट वडा आणि चहा येतो आणि काका पुढच्या ग्रुपचं गणित मांडतात. पॉइंट, गोलफरक (मारलेले गोल उणे खाल्लेले गोल), मारलेले गोल असे कॉलम, आणि शेवटचा कॉलम पिवळ्या कार्डांचा. कोणीतरी विचारलं कार्ड कशाला, तर त्यांनी २०१८ चं उदाहरण दिलं, जपान आणि सेनेगल पॉइंट, गोलफरक, गोल सगळ्यात सारखे, आपसातली मॅचसुद्धा २-२, आणि सेनेगलला सहा पिवळी कार्डं तर जपानला चार, म्हणून जपान पुढं गेलं. त्या दिवशी पोलंडशी ०-१ मागं असताना जपाननं शेवटची दहा मिनिटं नुसता बॉल फिरवला होता, कारण दुसऱ्या ग्राउंडवर कोलंबिया सेनेगलच्या पुढं होती. अजून एक गोष्ट काका पक्की समजावतात, २०२२ च्या या वर्ल्डकपला पॉइंट सारखे झाले तर आधी गोलफरक बघतात, युरोला आधी आपसातली मॅच बघतात. टीव्हीवरच्या कार्यक्रमात मोठमोठे माजी खेळाडू बसतात, त्यांच्याकडून एवढं सुटसुटीत मी ऐकलं नाही.

आज साडेआठला ग्रुप डी, फ्रान्स-ट्युनिशिया आणि ऑस्ट्रेलिया-डेन्मार्क. फ्रान्स आधीच पुढं गेलीय, त्यामुळं ते टीम बदलतील आणि ट्युनिशियाला तोच चान्स आहे. ऑस्ट्रेलियाला डेन्मार्कशी बरोबरी पुरते, पण ट्युनिशिया जिंकली नाही तरच. डेन्मार्कला जिंकायलाच पाहिजे, आणि डेन्मार्क, ट्युनिशिया दोघंही जिंकले तर दोघांचे चार चार पॉइंट होऊन गोलफरकावर येईल, दोघंही आत्ता उणे एकवर आहेत. डेन्मार्कनं दोन मॅचमध्ये निराश केलंय, मी ऑस्ट्रेलियावर पैज लावेन.

आणि मग साडेबाराला ज्यासाठी अर्धं कोल्हापूर जागं राहणार आहे ती पोलंड-अर्जेंटिना. शेजारी सौदी-मेक्सिको. पोलंडचे चार पॉइंट, अर्जेंटिना तीन, सौदी तीन, मेक्सिको एक. अर्जेंटिना जिंकली की विषय संपला. हरली की घरी, दुसरीकडं काहीही होवो. खरा गुंता बरोबरीचा आहे. बरोबरी झाली आणि तिकडं सौदी जिंकली तर अर्जेंटिना बाहेर, तिकडंही बरोबरी झाली तर गोलफरकावर अर्जेंटिना पुढं, आणि मेक्सिको जिंकली तर ती किती गोलनं जिंकते ते मोजायला लागणार. म्हणजे मेस्सीच्या चाहत्यांनी आज मेक्सिकोसाठी पण थोडं ओरडायला हरकत नाही. सौदीला कोणी हलक्यात घेऊ नका, ३६ मॅच न हरलेल्या अर्जेंटिनाला त्यांनी पहिल्याच मॅचला २-१ पाडलंय, अल शहरी आणि अल दवसारीनं पाच मिनिटांत दोन गोल मारून. मेक्सिकोविरुद्ध मेस्सीचा लांबून मारलेला तो गोल होईपर्यंत अर्जेंटिना घाबरून खेळत होती, पण एन्झो फर्नांडेझ आत आला आणि मिडफिल्डमध्ये जीव आला, माझं मत विचाराल तर आज त्याला पहिल्यापासून खेळवा. पोलंड मागं बसून लेवांडोवस्कीला एक बॉल मिळायची वाट बघणार, आणि बरोबरी पुरत असल्यामुळं त्यांना घाई नाही. मला वाटतं अर्जेंटिना जिंकेल, पण पहिला गोल उशिरा झाला तर शेडमधल्या निम्म्या लोकांचा जीव जाईल.

उद्या साडेआठला क्रोएशिया-बेल्जियम आणि कॅनडा-मोरोक्को, बेल्जियमची ती सोनेरी पिढी म्हणतात तिला आता जिंकण्यावाचून उपाय नाही असंच धरून चाला, मोरोक्को कॅनडाशी हरेल असं वाटत नाही. पण उद्याचीही मोठी मॅच साडेबाराचीच. स्पेन चार, जपान तीन, कोस्टारिका तीन, जर्मनी एक. जर्मनीनं कोस्टारिकाला हरवलं आणि स्पेननं जपानला हरवलं तर जर्मनी पुढं. जपान-स्पेन बरोबरी झाली तर जर्मनीला दोन गोलच्या फरकानं जिंकायला पाहिजे, एका गोलनं जिंकली तर मारलेल्या गोलांवर येईल. आणि जपान जिंकलं तर जर्मनीचं जवळजवळ संपलंच, कारण स्पेननं कोस्टारिकाला सात मारलेत, तो गोलफरक गाठणार कसा. २०१८ ला कझानमध्ये दक्षिण कोरियानं शेवटच्या मिनिटांत दोन गोल मारून जर्मनीला ग्रुपमधूनच घरी पाठवलं होतं, ती जखम त्यांच्या डोक्यात असणारच. या ग्रुपला दोन पडदे नसतील तर बघूच नका असं मी म्हणेन. जपानचा खेळ मला मनापासून आवडतो, हाफटाइमनंतर दोआन आणि असानो आत आले की पळायचा वेग एकदम बदलतो, स्पेनला बॉल ठेवू देतील आणि शेवटच्या अर्ध्या तासात मारतील.

शुक्रवारी साडेआठला घाना-उरुग्वे. २०१० ला जोहान्सबर्गमध्ये उरुग्वेच्या सुआरेझनं गोललाइनवर हातानं बॉल अडवला, घानाच्या ग्यानची पेनल्टी बारला लागली आणि आफ्रिकेतली पहिली सेमीफायनलिस्ट टीम होता होता घाना राहिली. बारा वर्षांनी तोच सुआरेझ, आणि उरुग्वेला जिंकायलाच पाहिजे. मी घानाकडून. रात्री ब्राझील-कॅमेरून आहे, ब्राझील पुढं गेलेली आहे आणि नेमार घोट्याच्या दुखापतीमुळं बाहेर आहे, पण ब्राझीलवाले येणारच, त्यांनी बाजूच्या सर्बिया-स्वित्झर्लंडवर लक्ष ठेवा, खरी लढाई तिथं आहे.

आता अर्धा स्टार. पडद्यावरची मॅच नेटवरून येते आणि टीव्हीवरची डिशवरून, त्यामुळं नेटवाली पाऊण-एक मिनिट मागं असते. म्हणजे टीव्हीवर कॉमेंटेटर दुसऱ्या ग्राउंडवर गोल झाला म्हणून सांगतो आणि आपल्या पडद्यावर अजून कॉर्नर घ्यायचाय. काल दोनदा असं झालं. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, “दोन्ही नेटवरनंच लावून बघतो,” मग निदान दोन्ही एकत्र मागं राहतील. मोबाईलवरच्या गोलच्या नोटिफिकेशन बंद ठेवायचा नियम त्यांनी केलाय, गेटवर सांगतात आणि आत बसलेले लोक पाळायला लावतात, ते फार चांगलं आहे. बाथरूम एकच आहे, हाफटाइम दोन्ही मॅचचा एकदम होतो, त्यामुळं लाइन लागते. कट वडा झणझणीत आणि गरम, चहा साडेबारानंतर जरा पाणचट होतो.

माणशी शंभर रुपये, त्यात एक वडा आणि एक चहा, दोन्ही मॅचला थांबलात तरी तेवढेच. बायका-मुलांना घेऊन आलेले लोक होते, पुढची डावी बाजू त्यांच्यासाठी ठेवतात, शिवीगाळ झाली तर काका स्वतः उठून सांगतात. गाडी टर्फच्या गेटच्या आत लावा, बाहेर रस्त्यावर लावू नका, शेजारच्या घरांना त्रास होतो. आजच्या पोलंड-अर्जेंटिनासाठी दहापर्यंत पोचा, बोर्डाच्या समोरची जागा धरा, आणि शेड तिन्ही बाजूंनी उघडी आहे, रात्री गारठा पडतो, स्वेटर घेऊन या.