मीटिंगचं प्रशिक्षण घेतलं, त्याचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग बनवायचं, छोटं युनिट आहे. दोन शिफ्ट, ३८ माणसं. प्रॉडक्शन मी बघते. जूनमध्ये गंगापूर रोडवरच्या एका प्रशिक्षकांकडून आम्ही आठ जणांनी मीटिंग कशी घ्यावी याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. सगळ्यांचे मिळून १८ हजार झाले. पैसे वसूल आहेत.

पहिल्या सकाळी त्यांनी काहीच शिकवलं नाही. सव्वासातच्या आमच्या नेहमीच्या मीटिंगला आले, कोपऱ्यात स्टुलावर बसले आणि स्टॉपवॉच लावून कोण किती वेळ बोलतंय ते लिहीत राहिले. मीटिंग ४२ मिनिटं चालली. त्यातली ३१ मिनिटं मी बोलत होते. आकडा बघून फार वाईट वाटलं, कारण मी सगळ्यांचं ऐकून घेते अशी माझी पक्की समजूत होती.

दुसऱ्या दिवशी एकच अट: विषय मांडायचा आणि मॅडमनी सगळ्यात शेवटी बोलायचं. विषय होता एका बुशच्या (नळीसारख्या भागाच्या) बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाच्या मापाचा. महिनाभर रिजेक्शन येत होतं आणि मी रोज "मोजमाप नीट घ्या" एवढंच सांगत होते. त्या दिवशी गप्प बसले. बराच वेळ कुणी बोलेना. मग सिन्नरहून येणारा आमचा सेटर, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणारा, म्हणाला, "मॅडम, सांगू का? खराब पीस सगळे सकाळचेच असतात." रात्री मशीन बंद असतं, सकाळी स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) गरम होईपर्यंत साइज हलते. इंजिनिअर म्हणून हे मला सुचायला हवं होतं, पण मी पूर्ण दिवसाचा एकत्र आकडा बघत होते, तासागणिक नाही. त्याला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. आता वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवूनच पहिला जॉब लावतो.

दुसरी सवय बोर्डाची. काम ज्याचं, त्यानेच स्वतःच्या हाताने काम, नाव आणि तारीख लिहायची. "बघू", "करून टाकू" हे बोर्डावर लिहिता येत नाही, त्यामुळे बोलणं आपोआप नेमकं होतं.

ॲमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या मीटिंगला पॉवरपॉइंटऐवजी लेखी टिपण आधी शांतपणे वाचतात, हेही त्यांनी सांगितलं. महिन्याच्या आढाव्याला आम्ही एका पानाचं मराठी टिपण सुरू केलंय, चांगलं चाललंय. शॉप फ्लोअरवर त्याचा उपयोग नाही.

उणिवाही आहेत. छापील साहित्य सगळं इंग्रजीत. आमच्या सुपरवायझरनी ते उघडलंसुद्धा नाही. मराठीत देतो म्हणाले होते, अजून आलेलं नाही. दुसऱ्या दिवशीची दुपार ईमेल आणि व्हिडिओ मीटिंगवर गेली, तीही आमच्या कामाची नव्हती. सातपूर-अंबडमधल्या कुणाला हे घ्यायचं असेल तर वर्ग त्यांच्या हॉलमध्ये नको, आपल्याच युनिटमध्ये घ्यायला सांगा, आणि स्टॉपवॉचची सकाळ वगळू देऊ नका. महिन्याने पुन्हा येऊन मोजणी करायचं ठरलं होतं. दोनदा फोन केल्यावर आले. मीटिंग १४ मिनिटांची झाली, त्यात माझी ४.