चौथे वर्ष: संशोधनासह ऑनर्स की केवळ ऑनर्स?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या या दोन्ही पदव्यांना किमान 160 श्रेयांकच (क्रेडिट) लागतात. मात्र पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्याला 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प निवडता येतो, आणि तो न करणाऱ्याला त्याऐवजी तीन अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात.

बीडमधील पोषणशास्त्राच्या विद्यार्थिनीने ऊसतोड महिलांमधील रक्तक्षय हा विषय घेतला, तर नैतिकता समितीची मंजुरी, महिलांची लेखी संमती आणि हिमोग्लोबिनची तपासणी हे सारे तिला दिवाळीच्या आसपास उरकावे लागेल, कारण त्यानंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघून जातात आणि उन्हाळ्यापर्यंत पुष्कळ घरांना कुलूप असते. केवळ ऑनर्समध्ये ही धावपळ नाही; नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला तेच सोयीचे. पुढे पीएच.डी.चा विचार असेल, तर माझा कल संशोधनाकडे आहे, अर्थात वेळ देणारा मार्गदर्शक सहाव्या सत्रातच मिळाला तर.